मी अणुबॉम्बच्या बाजूनं होते

ज्या हिवाळ्यात आमच्या वर्षाचं लग्न ठरलं, त्या हिवाळ्यात मी अणुबॉम्बच्या बाजूनं होते. नुसती बाजूनं नव्हे, हिरिरीनं. दोन वेण्या, कपाळाला सापाच्या आकाराची टिकली, बोलताना हवेत फिरणारं तर्जनीचं बोट, आणि जगातल्या सगळ्या कटकटींवर एकच उपाय: टाका एकदाचा आणि संपवा. आज जुन्या फोटोत ती मुलगी दिसली की वाटतं, तिला बोलावून घ्यावं, पाटावर बसवावं, पोटभर खाऊ घालावं आणि मग कानाखाली एक द्यावी. क्रम हाच. उपाशीपोटी मारलेलं लागत नाही, असं माझी आई म्हणायची, आणि तिचा या विषयातला अनुभव दांडगा होता.

त्याच सालच्या उन्हाळ्यात आपल्या देशानं राजस्थानच्या वाळवंटात अणुचाचण्या केल्या होत्या. पवनारला आमचं किराणा दुकान अगदी रस्त्यावर. बाबांना कशाचाही आनंद व्हायला फार लागत नसे. त्यांनी वर्ध्याहून पेढे आणले आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला लागले. आता आमचं गाव कसं, तर धाम नदीच्या काठावर आश्रम, तिथे पहाटे प्रार्थना, दिवसा सूतकताई, आणि जगात कोणी कोणाला मारू नये असं मनापासून मानणाऱ्या शांत बाया. त्यातल्याच एक बाई साबणाची वडी घ्यायला आल्या. बाबांनी हाताच्या सवयीनं त्यांनाही पेढा दिला. त्यांनी विचारलं, “कशाचा हो?” बाबा घुटमळले. मग म्हणाले, “संगी पास झाली.” माझा निकाल लागायला अजून महिना होता. त्या बाईंनी मला आशीर्वाद दिला, आणि पुढे मी खरंच पास झाले, त्यामुळे बाबा आयुष्यभर म्हणत राहिले की आपण खोटं बोललोच नव्हतो.

बाहेर देश जिंकत होता. घरात मात्र युद्ध चालू होतं. आमचं घर म्हणजे एका अंगणाला दोन घरं. डावीकडे आम्ही, उजवीकडे काका-काकू आणि त्यांची वर्षा, आणि मधल्या खोलीत आबाजी, म्हणजे माझे आजोबा. आई थोरली जाऊ, काकू धाकटी. या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कधीपासून, ते मी सांगत नाही, कारण त्या दोघींचंही त्यावर एकमत नव्हतं. कारण असं की कुणाच्या तरी बारशाला आईनं केलेलं पुरण काकूनं चार लोकांत पातळ म्हटलं. काकूचं म्हणणं, मी पुरणाला नाही, त्या सालच्या डाळीला म्हटलं. बाबा आणि काका रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून एका बशीतला चहा प्यायचे. ते दोन तटस्थ देश होते आणि त्यांना चहाशी मतलब होता.

न बोलण्याचा आवाज किती मोठा असतो हे आमच्या अंगणात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी नदीकडून प्रार्थनेचे सूर यायचे, आणि त्यावर आईच्या हातची भाकर थापल्याचा थपथप आवाज, आणि त्याला उत्तर म्हणून पलीकडून काकूचा खलबत्ता. आईनं भाकर जोरात थापली की काकू जिरं जास्त जोरानं कुटायची. थेट बोलायचं नाही हा नियम होता, पण बोलणं तर पोटात राहत नाही. म्हणून आई आमच्या मांजरीशी बोलायची: “काय व मांजरे, लोकाइले आपलं दिसत नाई, दुसऱ्याचं बरोबर दिसते!” आणि काकू पाणी घालताना तुळशीला सांगायची: “माय, तुले तरी बरं हाय, तुले जाऊ नाई.” मांजर आणि तुळस या दोघींनी त्या काळात जेवढं ऐकून घेतलं तेवढं कोर्टातल्या न्यायाधीशानंही ऐकलं नसेल.

पण या युद्धाला रीत होती, आणि तीच या प्रकरणाचं मूळ आहे. आमच्याकडे शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत करत नाहीत. काहीही घालावं, चिमूटभर साखर घालावी, पण रिकामी नाही. रिकामी वाटी परत जाते ती फक्त नातं संपलं असेल तर. त्यामुळे झालं असं, की भांडण लागलं त्या दिवशी काकूची वाटी आमच्या घरी होती. आईनं त्यात चटणी घालून पाठवली. मग चटणी आली म्हणून काकूलाही त्याच वाटीतून काही पाठवणं आलं. तिनं वांग्याची भाजी घातली. मग आई. मग काकू. बोलणं बंद, तोंड फिरवणं चालू, आणि वाटी मात्र रोज अंगण ओलांडत होती, कारण ती रिकामी धाडायची कशी हे दोघींनाही माहीत नव्हतं. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, त्यावर तर्री तरंगतेय, उन्हाळ्यात कढीगोळे, पावसाळ्यात अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. ती वाटी नेणारी आणि आणणारी मी. माझ्या अंगावर आज जे काही मांस दिसतं त्याचा पाया या अंगणातच घातला गेला, कारण वाटीतला थोडा माल सीमेवर गळायचा.

वर्षा माझ्याहून वर्षभरानं मोठी. आम्ही दोघी एकाच माळ्यावर झोपायचो, एकच स्वेटर आलटून पालटून घालायचो. तिचं लग्न देवळीच्या एका दुकानदाराच्या घरी ठरलं. आमच्याकडे हळदीला पहिलं बोट घरातल्या थोरल्या सवाशिणीनं लावायचं असतं, म्हणजे माझ्या आईनं. आणि उलट्या मडक्यावर मांडे करावे तर तेही आईनंच, काकूच्या हातून मांडा फाटायचा. पण त्यासाठी काकूनं येऊन तोंडानं बोलावणं द्यायला हवं होतं. काकू म्हणे, थोरली आहे, तिनं आपणहून यावं. आई म्हणे, बोलावल्याशिवाय जायला मी काय मांजर आहे? वर्षा एक दिवस माळ्यावर वेणी घालता घालता म्हणाली, “संगे, मोठ्याईच्या हातची हळद नाई लागली त मी पाटावर बसणार नाई. मंग करा काय करायचं थे.” मोठ्याई म्हणजे माझी आई. तापात वर्षाला मांडीवर घेऊन बसायची ती आईच. काकूला तिचा ताप पाहून स्वतःलाच ताप यायचा.

नेमकं तेव्हाच वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय: युद्ध संपवण्यासाठी अण्वस्त्रांचा वापर समर्थनीय आहे. मी बाजूनं नाव दिलं. का, तर विरोधात बोलायला रांग लागली होती आणि मला रांगेत उभं राहायला आवडत नसे. मग मी वाचनालयातून पुस्तकं आणली, हिरोशिमा आणि नागासाकी वाचलं, फोटोंची पानं भरभर उलटली. फोटोंची पानं भरभर उलटणाऱ्या माणसाचं मत लवकर पक्कं होतं, हे मला नंतर कळलं. भाषण मी स्वतः लिहिलं होतं आणि ते वाईट नव्हतं. युद्ध लांबलं तर रोज माणसं मरतात, उपासमारीनं मरतात, रोगानं मरतात, त्यांची नावंही कोणी विचारत नाही. एक भयंकर आघात करून ते थांबत असेल, तर जो हात आखडता घेईल त्याच्या माथी त्या रोजच्या मरणाचं पाप नाही का? इथे मी बोट फिरवायची आणि थांबायची. टाळ्यांसाठी जागा सोडली होती.

तालीम आबाजींपुढे व्हायची. आबाजी तरुणपणी टकळीवर सूत कातत, आश्रमात बसत; तेव्हा मला वाटलं ते माझी कानउघाडणी करतील. तर ते अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, “बरोबर हाय तुयं. टाका म्हणा. ह्या दोघी बाया पाहून पाहून माह्या अहिंसेचा दम निंगून गेला.” आबाजींचं ताट दोन्ही घरांतून भरायचं, भाकर आमची आणि भाजी काकूची. मध्ये राहणाऱ्याला सगळ्यांशी गोड राहावं लागतं, आणि ते गोड राहून राहून कंटाळले होते. अंगणात चकरा मारत मी भाषण म्हणायचे तेव्हा आई इकडून आणि काकू तिकडून ऐकायची. दोघींना पाठ झालं होतं. एकदा मी एक वाक्य विसरले, तर काकू तुळशीला म्हणाली, “आता थे पापाचं वाक्य हाय.”

आणि मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की अरे, हे तर आपल्या अंगणातच आहे! लांबलेलं युद्ध आहे, निष्पाप माणूस भरडला जातो आहे, म्हणजे वर्षा, आणि मुदत जवळ आली आहे. गरज आहे ती फक्त एका धाडसी हाताची. तो हात मी उचलून पाहिला. माझाच होता.

आधी मी रीतसर इशारा दिला. मोठे देश देतात म्हणून. रविवारी सकाळी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही दारांकडे आळीपाळीनं तोंड करून म्हणाले, “आजच्या आज तुम्ही दोघी बोलल्या नाई, त पुढे जे होईल त्याले तुम्ही जबाबदार!” आतून आई म्हणाली, “बोलून झालं असन त दळण घेऊन ये.” काकू तुळशीला म्हणाली, “हिवाळ्यात बी ऊन लागते वाटते काही पोट्ट्याइले.” इशाऱ्याची ही अशी कदर झाल्यावर मी काय करणार? इतिहासानं माझ्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता, असं मी माळ्यावर जाऊन स्वतःला मोठ्यानं सांगितलं.

दुपारी आईनं तुरीच्या दाण्यांची भाजी दिली. मी नेली. काकूनं ती आपल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काढून घेतली, वाटी विसळली, आणि बोराचं लोणचं काढायला बरणीकडे वळली. तिची पाठ वळली तशी मी वाटी उचलली आणि पळाले. “अवं संगे! थांब व! वाटी रिकामी हाय!” काकू ओरडली. मी थांबले नाही. आमच्या चुलीजवळ येऊन वाटी आईपुढे ठेवली. एका फेकीत दोन शहरं. काकूला वाटणार की आईनंच पोरीला बजावून पाठवलं, त्यांचं काही घेऊ नको म्हणून. आणि आईला वाटणार की काकूनं वाटी रिकामी धाडली. आता दोघी तिरमिरून बाहेर येतील, अंगणात कडाडून भांडतील, साचलेलं सगळं ओकून टाकतील, आणि दमल्या की गळ्यात पडतील. मी ओसरीच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून शांततेची वाट पाहत उभी राहिले. त्या खांबाला टेकलेल्या मुलीला मी आज इतकी हसते, की लेक विचारते, आई एकटीच काय हसतेस. काय सांगू तिला.

आईनं वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाटीत, जसं काही नीट पाहिलं तर तळाशी एखादा दाणा सापडेल. मग तिनं वाटी धुतली, पुसली, फळीवर ठेवली आणि चुलीतली लाकडं ओढून घेतली. बाहेर आली नाही. पलीकडे काकूच्या खिडकीचं दार लागलं. बस. स्फोट असा झालाच नाही. खलबत्ता बंद, थपथप हळू. आई मांजरीशी बोलेना, काकू तुळशीशी बोलेना. मांजर दोनदा येऊन आईच्या तोंडाकडे पाहून गेली. मला पहिल्यांदाच कळलं की टोमणे चालू असताना आमचं घर किती हसतंखेळतं होतं.

संध्याकाळी आबाजींच्या ताटात नुसती भाकर आली. भाजी काकूकडून यायची, ती आली नाही. आणि आमच्या घरची घालायची तर भाजी हे काकूचं काम, आईनं तिथे हात घालायचा नाही असं ठरलेलं. आबाजींनी भाकर उलटून पालटून पाहिली, खाली काही लपलं आहे का तेही पाहिलं. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “काय केलं व तू?” मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कोरड्या भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “पण मी त बॉम्बच्या बाजूनं होतो. माह्यावर काऊन पडला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाबांना म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली हे वाईट, “हळदीले मी नाई. लग्नाच्या दिवशी लोकाइसारखी येईन, अक्षता टाकीन, निंगून येईन.” वर्षा तेव्हा आमच्या दारात उभी होती, हातात मला दाखवायला आणलेला बांगडीचा नमुना. ती तशीच वर माळ्यावर गेली. मी मागून गेले आणि तिला धीर दिला. म्हणजे मला तो धीर वाटला. मी म्हणाले, “वर्षे, घाबरू नको. थोडा वेळ लागते. जपानवरही दोन टाका लागले होते.”

“काय दोन?” ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं, वाटीसकट. मला वाटलं ती रडेल किंवा मारेल. तिनं नमुन्याची बांगडी कागदात गुंडाळली, पुन्हा उघडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, “मी चुगली नाई करत. तू सांग. आज सांग.” मी म्हणाले, “उद्या स्पर्धा हाय ना. उद्या संध्याकाळी सांगते.” ती माझ्याशी पुढे बोलली नाही. आमच्या अंगणात आता न बोलणाऱ्यांच्या दोन जोड्या झाल्या होत्या. युद्ध संपवायला निघालेल्या माणसाची प्रगती बघा.

बाबा मला एकटीला वर्ध्याला जाऊ द्यायचे नाहीत असं नाही, पण वर्षाला ब्लाउज शिंप्याकडे टाकायचे होते म्हणून दोघी एका बसनं गेलो. एका सीटवर बसलो, ती खिडकीतून कपाशीची शेतं पाहत होती आणि मी मनात भाषण म्हणत होते. सभागृह भरलेलं. आमच्या गावचे एक मास्तरही मोपेड घेऊन ऐकायला आले होते. माझ्या समोर विरोधात होता अल्लीपूरचा एक मुलगा, नुकत्याच फुटलेल्या मिशीचा, फार हुशार. आता तुम्ही म्हणाल पुढे तोच माझा नवरा झाला. नाही झाला. तुमचं वाचन फार झालं आहे.

तो म्हणाला, लढाई सैनिकानं सैनिकाशी करायची असते, बॉम्ब पाळण्यावर पडतो. मी म्हणाले, लांबलेल्या युद्धातही पाळणे रिकामे होतात, फक्त हळूहळू होतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत. टाळ्या. तो म्हणाला, आज तुम्ही हिशेब करून टाकलात, उद्या शत्रूनं हाच हिशेब करून तुमच्यावर टाकला तर तुम्ही त्याला गणित बरोबर आहे म्हणून सोडून द्याल काय? टाळ्या. सामना चांगला चालला होता. मग परीक्षकांनी श्रोत्यांपैकी कोणाला प्रश्न विचारायचा असेल तर विचारा म्हटलं, आणि तिसऱ्या रांगेत वर्षा उठली. वर्षा, जिनं शाळेत हजेरी देतानाही कधी आवाज मोठा काढला नव्हता.

“मले एवढंच विचाराचं हाय,” ती म्हणाली, “की टाकणाऱ्यानं ज्याच्या घरावर टाकला, त्याच्या घरी त्या वक्ती लग्न हाय, का बारसं हाय, का कोणी बिमार हाय, हे त्याले माहीत राह्यते काय? अन् माहीत असन, त मंग तो कसा टाकते?”

सभागृह हसलं, तिच्या बोलीला हसलं असावं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. भाषणातला माझा सगळ्यात देखणा परिच्छेदच तो: काही निष्पाप जातील, पण असंख्य वाचतील. मी बोट वर केलं. “काही” म्हणाले, आणि बोट खाली घेतलं. कारण ते काही निष्पाप तिसऱ्या रांगेत उभे होते, आमचा दोघींचा हिरवा स्वेटर घालून, हातात ब्लाउजच्या कापडाची पिशवी धरून. आणि मला माहीत होतं. लग्न आहे हे मला पुरतं माहीत होतं, तिच्याचसाठी म्हणून मी टाकला होता, आणि टाकताना एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. फोटोंच्या पानांसारखी तिला भरभर उलटून गेले होते.

मग मी भाषण सोडलं आणि वाटीची गोष्ट सांगितली. पुरणापासून सांगितली, मांजर आणि तुळशीसकट, आबाजींच्या भाकरीसकट. सभागृह आधी हसून हसून पडलं, आणि मग वर्षाच्या बांगडीशी आले तेव्हा पुढे वाकून ऐकू लागलं. घंटा वाजली, पुन्हा वाजली, मी बोलतच होते. शेवटी म्हणाले, “युद्ध लवकर संपावं हे बरोबर. पण ज्याच्यावर टाकायचा त्याचं तोंड पाहून जो टाकू शकत नाही, त्यानं तोंड न पाहता टाकू नये.” मफलर गुंडाळलेले मुख्य परीक्षक उठले आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाले की नियमाप्रमाणे स्पर्धकानं बाजू सोडल्यास तो बाद. अल्लीपूरच्या मुलानंही तक्रार केली, की माझे मुद्दे यांनी वापरले, आता मी उत्तरात काय बोलू? त्याचं बरोबर होतं. बक्षीस त्याला मिळालं. मला वर्षानं कोपऱ्यावरच्या गाडीवर आलूबोंडा घेऊन दिला, तोही अर्धा स्वतः खाऊन.

मोपेड बसच्या आधी पोचते हे मी लक्षात घेतलं नव्हतं. मास्तरांनी दुकानात सगळं रंगवून सांगितलं होतं. आम्ही बसमधून उतरलो तर फाट्यावर आई आणि काकू उभ्या. शेजारी शेजारी. दोघींचे पदर खोचलेले. इतक्या वर्षांनंतर काकू आईला उद्देशून जे पहिलं वाक्य बोलली ते मी या कानांनी ऐकलं आहे: “बाई, तुम्ही धरा, मी मारतो.”

आई म्हणाली, “तू काऊन मारशील? पोट्टी माह्यी हाय. तू धर, मी मारतो.”

“वाटी माह्या घरून पळवली ना तिनं!”

“अन् भाजी कोणाची होती? भर सभेत घरची वाटी मांडली, पुरण बी काढलं!”

“थे पुरण पातळ नव्हतंच, बाई. डाळच तशी होती त्या सालची.”

“तेच त मी सांगून राह्यली इतके दिवस, डाळ तशी होती!”

कोणी धरायचं आणि कोणी मारायचं हे काही ठरेना. फाट्यावरचे लोक गोळा झाले. पानठेलेवाल्यानं मध्यस्थी केली की एकीनं उजवा कान घ्यावा आणि एकीनं डावा. हा तोडगा दोघींना पटेपर्यंत मी आणि वर्षा घरापर्यंत पोचलो होतो.

बाबा आणि आबाजी दोघांचंही मत पडलं की काहीही म्हणा, पोरीच्या बॉम्बनं काम केलं. मीही चार दिवस तसं म्हणून मिरवलं असतं. पण हळदीच्या आदल्या दिवशी दोघी जावा मांडे करायला बसल्या, आईच्या हातावर मांडा उपरण्यासारखा फुलत होता, काकू पुरण भरून देत होती आणि मी उलट्या मडक्याखाली जाळ घालत होते. काकू पाणी आणायला उठली तेव्हा आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “वर्षीसाठी मी साडी घेऊन ठेवली होती, मोरपंखी. ती वाटी आली त्या दिवशी मी थे पेटीच्या तळाशी टाकली अन् मनात म्हटलं, मरू दे थिचं लग्न.” मग मांडा उचलून मडक्यावर टाकला आणि म्हणाली, “बोलत नव्हती, तरी असं कधी आलं नव्हतं मनात. थे काही बरं नाई झालं, संगे.” एवढंच. काकू आली, आणि दोघी मांडा जाड की पातळ यावरून नव्यानं भांडायला लागल्या. पण मला ते वाक्य त्या जाळापुढे असं काही लागलं, की त्यानंतर कोणी टीव्हीवर बोट फिरवत म्हणू लागलं की एकदाचा टाकला की संपतं सगळं, तर मला वाटतं, आपलं काय संपतं ते याला कोण सांगणार.

हळद आईनंच लावली. पहिलं बोट गालाला, मग आईला राहवलं नाही, तिनं वर्षाचं सगळं तोंडच दोन्ही हातांनी माखलं, आणि काकूनं मागून येऊन आईच्या तोंडाला फासली. मोरपंखी साडी नेसून वर्षा देवळीला निघाली तेव्हा सगळं अंगण रडत होतं, आबाजी सोडून. ते जेवत होते, ताटात दोन्ही घरच्या भाज्या होत्या. गाडीत बसण्याआधी वर्षानं मला जवळ ओढलं. मला वाटलं आता ती काहीतरी जन्मभर जपून ठेवण्यासारखं बोलणार. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं, नाक ओढलं, आणि म्हणाली, “संगे, माह्या सासरी येत जाजो. सणावाराले येजो, अशीच बी येजो. पण तिकडे भांडण चालू हाय असं कानावर आलं, त चार दिवस थांबून येजो.”